लिफ्टशेजारची वस्तू

“ज्याला नाव नाही, ते माझ्या घरात येणार नाही,” ताईंनी दारातच सांगितलं आणि चौकटीला दोन्ही हात टेकून त्या आडव्या उभ्या राहिल्या.

बाहेर त्यांचा धाकटा भाऊ धापा टाकत उभा होता. धाकटा म्हणजे तोही आता निवृत्त झालेला. त्याच्या कवेत एक लोखंडी वस्तू होती आणि तिच्या वजनाने तो कमरेत मागे वाकला होता.

“अगं ताई, नाव नाही म्हणूनच तर आणलीय.”

“मग नाव सापडलं की आण आत.”

“निदान खाली तरी ठेवू दे!”

“ठेव ना. बाहेर ठेव.”

त्याने ती लिफ्टच्या दाराशेजारी भिंतीला टेकवून ठेवली आणि हात झटकले. पुढे जे काही झालं त्याची सुरुवात इतकीच.

ताई एका मोठ्या इस्पितळात हेडनर्स होत्या. तिथे त्यांनी कधी कुठल्याही वस्तूचं नाव घेतलं नाही. हात पुढे करून “ते हे” म्हणायचं, आणि समोरच्या मुलीने अचूक तेच द्यायचं. नावं लक्षात ठेवायची ती इतरांनी, जागा लक्षात ठेवायच्या त्यांनी. भावाचं नेमकं उलटं. तो आयुष्यभर शब्दकोशाच्या कार्यालयात परभाषेच्या विभागात बसला. बुटाच्या नाडीच्या टोकाला असतं ना प्लास्टिकचं, त्याचंसुद्धा नाव त्याला येत होतं. फक्त बूट कुठे आहेत ते माहीत नसे. दोघांचे जोडीदार देवाघरी गेल्यावर बहीणभाऊ एकत्र राहू लागले, आणि एकाकडे नावं व दुसरीकडे जागा असल्यामुळे घर तसं बरं चाललं होतं. इमारतीत सगळे त्याला डिक्शनरीकाका म्हणत.

काकांना आयुष्यात एकच गोष्ट करायची राहिली होती. शब्दकोश लोक अडलं की उघडतात, काम झालं की मिटतात. नळ सोडताना टाकी कुणी बांधली असं कुणी विचारत नाही. काकांना एकदा तरी एखाद्या शब्दाची गोष्ट जिवंत माणसाला तोंडाने सांगायची होती, आणि ती कळते त्या क्षणी त्या माणसाचा चेहरा कसा होतो ते बघायचं होतं. कार्यालयात कुणाचा चेहरा तसा होत नसे. तिथे सगळ्यांना सगळं आधीच माहीत होतं.

जवळच्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी त्यांना शनिवारी संध्याकाळी पाचची वेळ दिली होती. देताना बाई स्पष्टच बोलल्या होत्या. “काका, मागच्या व्याख्यानाला दोन माणसं होती. एक वक्त्यांचे मेहुणे, आणि दुसरे पंख्याखाली झोपायला आलेले. या वेळी हॉल निम्मा तरी भरला नाही, तर मी व्याख्यानं बंद करून हॉल टेबल टेनिसवाल्यांना देऊन टाकणार. ते निदान जागे असतात.”

काकांचा विषय होता ‘थिंग’. एवढासा इंग्रजी शब्द, अर्थ वस्तू, चीज, काहीही. इंग्रजीत थिंग, जर्मन आणि डच भाषांत डिंग, उत्तरेकडच्या स्वीडिश-डॅनिशमध्ये टिंग. या सख्ख्या-चुलत भावंडांच्या पोटात काय दडलंय ते काकांनी कित्येक वर्षं साठवून ठेवलं होतं. सुरुवातही ठरली होती. टेबलावर एक वस्तू ठेवायची, जिचं नाव कुणालाच सांगता येणार नाही. लोक विचार करकरून दमतील आणि म्हणतील, “असेल काहीतरी वस्तू.” मग तिथून काका शब्दात शिरणार.

पण अशी वस्तू घरात मिळेना. घरातल्या सगळ्याची नावं काकांना पाठ. शेवटी ते भंगारवाल्याकडे गेले. ढिगाऱ्याच्या तळाशी त्यांना ती दिसली. मोठ्या भोपळ्याएवढी, एका अंगाला दांडा, दुसऱ्या अंगाला दातेरी चाक, मध्ये एक भोक, जे पलीकडे बंद होतं. आणि सगळ्यात कहर म्हणजे पोटावर ओतीव लोखंडातच फुलांची नक्षी.

“हे काय आहे हो?” काकांनी विचारलं.

“लोखंड.”

“ते झालं. नाव काय याचं?”

“किलोवर आहे, नावावर नाही,” भंगारवाला म्हणाला.

काकांना इतका आनंद झाला की ते ती उचलून थेट घरी आले.

इकडे श्रोते जमवायचं काम ताईंनी अंगावर घेतलं होतं. लसीकरणाला निघाल्यासारख्या त्या मजल्यामजल्यावर फिरल्या. “शनिवारी संध्याकाळी पाच. कुणी कुठे जायचं नाही.” कशाबद्दल आहे असं कुणी विचारलंच, तर “ते हे. आल्यावर कळेल.” इमारतीतल्या बहुतेकांना ताईंनी कधी ना कधी इंजेक्शन दिलेलं होतं. नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

शुक्रवारी सकाळी लिफ्टवाला तेलपाणी करायला आला. तिसऱ्या मजल्यावर दार उघडून बाहेर पाऊल टाकतो तो शेजारी ही वस्तू. त्याने खालून चेअरमनना बोलावून घेतलं. चेअरमन मनाने भले होते. पण दुसरं कुणी तयार नाही म्हणून ते चेअरमन झाले, आणि त्या दिवसापासून घरी मीठ मागतानासुद्धा इतिवृत्त वाचल्यासारखे बोलू लागले.

“साहेब, हे बाहेर कुणी काढलं?”

“माझ्या निदर्शनास आत्ताच येतंय. काय आहे हे?”

“ते तुम्ही सांगा. लिफ्ट तुमची.”

“मेकॅनिक तुम्ही!”

“म्हणूनच सांगतो, आमच्या लिफ्टमध्ये असलं काही नसतं.”

“मग झालं तर.”

“पण ही लिफ्ट माझ्या आधीच्याने बसवलीय. त्याने आत काय काय घातलं असेल कोण जाणे! उद्या वर जाता जाता मध्येच—”

“अहो, हळू बोला!”

“ही कुठली आहे ते कळेपर्यंत मी लिफ्ट चालू करणार नाही,” लिफ्टवाला म्हणाला. बोलता बोलता सवयीने त्याने वस्तूच्या चाकाला चांगलं तेलही सोडलं. समोर लोखंड आणि हातात तेलाची बुधली असली की त्याला राहवत नसे.

दाराच्या आत काका कान लावून उभे होते. ताई त्यांच्या मागे.

“जा, सांग त्यांना.”

“आत्ता सांगितलं तर उद्याची सगळी मजाच जाईल. आधीच कळेल सगळ्यांना.”

“काय कळेल? ते काय आहे ते तुलाच कळलेलं नाही!”

“तेच तर कळेल ना!”

ताईंनी कपाळाला हात लावला. पण दार त्यांनी उघडलं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी पेशंटची गुपितं सांभाळली होती. हा तर घरचा पेशंट.

पुरावा म्हणून चेअरमननी ती वस्तू खाली न्यायची ठरवली. लिफ्ट बंद, म्हणून दोघांनी ती जिन्यावरून उतरवली, आणि तळमजल्यावर पंपाच्या खोलीच्या दाराशी चेअरमनची कंबर धरली म्हणून तिथेच ठेवली. समोरच शिवणकामवाल्या मावशींचं दार. मावशी बाहेर आल्या, चष्मा वर करून बघून गेल्या, आणि चिंधी घेऊन परत आल्या, कारण तेल फरशीवर ठिबकायला लागलं होतं.

“माझ्या सासूबाईंच्या शिवणयंत्राला अस्संच चाक होतं,” त्या म्हणाल्या.

“मग हे शिवणयंत्राचं आहे?”

“छे! सासूबाईंचं यंत्र टेबलावर मावायचं. हे चालवायला हत्तीण लागेल.”

तेवढ्यात मावशींचा गळका नळ बघायला प्लंबर आला. वस्तूपुढे तो उकिडवा बसला, बोटाने तेल पुसून त्याने वास घेतला, आणि त्याचा चेहरा गंभीर झाला.

“मावशी, पंपातलं हे बाहेर कुणी काढलं?”

“पंपातलं नाही रे. लिफ्टचं असेल म्हणतायत.”

“लिफ्टचं? यावर फुलं आहेत. लिफ्टवर कोण फुलं काढतं?”

“आणि पंपावर काढतात?”

“जुन्या पंपांवर काढायचे. तेव्हाची माणसं हौशी होती. आणि हे बघा, तेल ताजं आहे. म्हणजे सकाळपर्यंत हे आत फिरत होतं. आता याच्याशिवाय पंप चालवला आणि जळला, तर नाव माझं!”

त्याने पंप बंद केला. तक्रार करायला जागाच नव्हती, कारण माणूस काळजीनेच करत होता. अडचण एवढीच की दुपारपर्यंत वरची टाकी संपली.

मग इमारतीचं रूप पालटलं. लोक खालच्या टाकीतून भरलेल्या बादल्या घेऊन जिन्यात दिसू लागले. पहिल्या मजल्यापर्यंत ते लिफ्टवाल्याला नावं ठेवत, दुसऱ्यापर्यंत प्लंबरला, आणि तिसऱ्याच्या पुढे दम लागल्यामुळे नुसते श्वास घेत. काकांचं मन त्यांना खाऊ लागलं. ते स्वतःची बादली वर नेऊन परत खाली आले आणि चौथ्या मजल्यावरच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईंच्याही दोन बादल्या पोचवून आले.

“काका, देवमाणूस हो तुम्ही,” बाई म्हणाल्या. “नाहीतर ज्याने हे केलंय तो बघा, मजेत बसला असेल कुठेतरी.”

काका घरी येऊन खुर्चीत बसले ते मजेत बसल्यासारखे अजिबात दिसत नव्हते.

संध्याकाळी चेअरमन दारात आले. “उद्या तातडीची सर्वसाधारण सभा बोलावण्याचं योजिलं आहे. तळमजला, संध्याकाळी पाच.”

“पाच?” काका उठूनच उभे राहिले. “पण पाचला तर माझं—”

“माहितीय ना! म्हणून तर पाच ठेवली. तुमच्या त्या कार्यक्रमासाठी सगळ्यांनी वेळ मोकळा ठेवलाच आहे. इमारतीतली इतकी माणसं एका वेळी रिकामी परत कधी सापडायची? तुमचे आभार ठरावात घेणार आहोत.”

“अहो, पण ती वस्तू... म्हणजे मला असं म्हणायचं होतं—”

“काळजी करू नका काका. ज्याने ठेवलीय तो सापडू दे फक्त. माझी कंबर बघा! मी अजून सरळ झालेलो नाही.”

चेअरमन तसेच वाकडे वाकडे जिना उतरून गेले. काकांनी दार लावलं. ताई आतून म्हणाल्या, “आता?”

“आता काय! माझे श्रोते माझ्याच वस्तूने पळवले.”

“वस्तूने नाही. तू तोंड उघडलं नाहीस त्याने.”



शनिवारी काकांनी इस्त्रीचा सदरा घातला, कागद खिशात घातले आणि जिना उतरले. वाटलं होतं, शेवटच्या क्षणी चार-दोन माणसं तरी म्हणतील, चला काका. तळमजल्यावर माणसं घरच्या खुर्च्या, स्टुलं, पाट घेऊन गोलाकार बसत होती. मधोमध मावशींच्या चिंधीवर ती वस्तू. प्रत्येक जण काकांकडे बघून ओशाळं हसला. “काका, पाण्याचं आहे ना, नाहीतर आलो असतो,” कुणीतरी म्हणालं. काका मान डोलावून बाहेर पडले.

वाचनालयाचा हॉल लखलखीत झाडलेला. खुर्च्यांच्या रांगा, टेबलावर पाण्याचा तांब्या, आणि पहिल्या रांगेत एकट्या ग्रंथपालबाई. दारातून टेबल टेनिसची दोन पोरं बॅट हातात घेऊन वाकून बघत होती, आजारी माणसाच्या खोलीत वारस बघतात तशी.

थोडा वेळ गेला. बाईंनी घड्याळाकडे बघितलं, मग काकांकडे. “करा सुरुवात. मी आहे ना.”

“सुरुवात कशी करू? सुरुवात तिकडे सभेत पडलीय.”

“म्हणजे?”

मग काकांनी सगळं सांगितलं. भंगारवाल्यापासून चेअरमनच्या कमरेपर्यंत. बाई मध्ये एकदाही हसल्या नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, “म्हणजे तुमची वस्तू तिथे?”

“हो.”

“आणि तुमची सगळी माणसंही तिथेच?”

“हो.”

“मग तुम्ही इथे काय करताय?”

बाईंनी पर्स उचलली, तांब्याही उचलला, आणि दारातल्या पोरांना सांगितलं, “खेळा. आणि ट्यूबलाइट फोडू नका.”

इमारतीत पोचले तेव्हा आवाज फाटकापर्यंत येत होता.

“लिफ्टचं नाही म्हणून मी लिहून देतो!” लिफ्टवाला म्हणत होता.

“काल तर लिफ्टचं असेल म्हणून लिफ्ट बंद केलीस!”

“असेल म्हणालो होतो. आहे म्हणालो नव्हतो!”

“आणि तू रे?” मावशी प्लंबरवर घसरल्या. “पंप उघडून बघितलास?”

“उघडून बघायचं तर अख्खा खोलावा लागेल मावशी. पंधरवडा धरा.”

“शांतता!” चेअरमन उशीला टेकून बसले होते. “सभेपुढे ठराव आहे. पंप पूर्ण खोलावा, लिफ्टही पूर्ण खोलावी, म्हणजे दोन्हींपैकी कुठल्यातरी एकात ही वस्तू कमी आहे ते कळेल. तोवर सर्वांनी सहकार्य करावं. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत.”

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. कुणालाच पंधरवडाभर बादल्या उचलायच्या नव्हत्या, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. एक हात वर गेला. मग दुसरा. जिन्याच्या खालच्या पायरीवर ताई हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांचा हात वर गेला नव्हता. त्या दाराकडे बघत होत्या.

“थांबा,” काका दारातून म्हणाले. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला, म्हणून त्यांनी परत म्हटलं, “थांबा! ती माझी आहे.”

सगळे हात तसेच वरच्या वर राहिले.

“तुमची?” चेअरमननी विचारलं. “कशाची आहे?”

“कशाचीच नाही. लिफ्टची नाही, पंपाची नाही. भंगारवाल्याकडून आणली. आत घेऊ देईनात म्हणून लिफ्टशेजारी ठेवली.”

लोकांनी ताईंकडे बघितलं. ताईंनी छताकडे.

“मग आहे तरी काय ती?”

“माहीत नाही.”

यावर जो गदारोळ झाला तो वर्णन करण्यात अर्थ नाही. लिफ्टवाला आणि प्लंबर, जे आत्तापर्यंत एकमेकांच्या अंगावर येत होते, ते एकदम एका बाजूला झाले. चौथ्या मजल्यावरच्या गुडघेवाल्या बाई “देवमाणूस!” असं म्हणाल्या, पण या वेळी निराळ्या सुरात. “तुम्ही डिक्शनरीवाले, आणि तुम्हालाच माहीत नाही?” चेअरमन ओरडले. “मग आणली कशाला?”

“म्हणूनच आणली!” काकाही ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. “आज तुम्हा सगळ्यांना गोल बसवून विचारणार होतो, हे काय आहे? आणि तुम्ही भांडला असता, ज्याला जे वाटतं ते सांगितलं असतं, आणि शेवटी म्हणाला असता, असेल काहीतरी वस्तू. मग मी सांगणार होतो की—” ते थबकले. त्यांनी गोल मांडलेल्या खुर्च्यांकडे बघितलं, मधल्या वस्तूकडे बघितलं, आणि खिशातल्या कागदांकडे गेलेला हात तसाच परत आला. “अहो, तुम्ही हे करूनच बसलाय की सगळं.”

“काय करून बसलोय?” प्लंबरने संशयाने विचारलं.

“थिंग.”

“काय?”

“थिंग. इंग्रजी शब्द. अर्थ काय?”

“वस्तू,” कुणीतरी म्हणालं.

“आज वस्तू. पण हजारएक वर्षांपूर्वी थिंग म्हणजे सभा. ही अशी. गावात काही तंटा झाला की माणसं एका जागी जमायची, गोल बसायची आणि बोलून निकाल लावायची. त्या जमण्याला थिंग म्हणत. जर्मन लोकांत डिंग, उत्तरेकडे टिंग.”

“डिंग, टिंग,” लिफ्टवाला म्हणाला. “मजला आल्यासारखं वाटतंय.”

कुणीतरी फिसकन हसलं. ग्रंथपालबाईंनी तांब्या स्टुलावर ठेवला आणि मिळेल त्या पायरीवर त्या बसल्या.

“अजूनसुद्धा आइसलंडमध्ये, डेन्मार्कमध्ये, नॉर्वेमध्ये देशाच्या संसदेच्या नावात हाच शब्द आहे,” काका म्हणाले. “आइसलंडच्या जुन्या सभेत तर एक माणूस नेमलेला असे. सगळे कायदे तोंडपाठ करायचे आणि सभेपुढे उभं राहून म्हणून दाखवायचे.”

चेअरमन उशीवरून थोडे वर सरकले. “असा अधिकारी होता?”

“मानाचा होता.”

“आमच्या साहेबांना मागच्या सभेचं आठवत नाही,” प्लंबर म्हणाला.

“आणि घरातल्या माणसांची सभा असली की तिला म्हणत हूस-थिंग,” काका घाईघाईने पुढे गेले. “हूस म्हणजे घर. मोठे सरदार-राजे आपल्याच घरच्या लोकांना जमवायचे.”

“म्हणजे हीच की,” मावशी म्हणाल्या. “पण काका, सभेची वस्तू कशी झाली? सभेत माणसं असतात. हे तर लोखंड आहे.”

हाच प्रश्न. काका कित्येक वर्षं हाच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून थांबले होते, आणि आता तो आल्यावर त्यांनी आधी सदऱ्याची बाही सारखी केली.

“हळूहळू झाली. फार मागे गेलात तर या शब्दाच्या मुळाशी बहुतेक वेळ आहे, असं जाणकार म्हणतात. ठरलेली वेळ. मग त्या ठरलेल्या वेळी जमणारी सभा. मग त्या सभेत ज्याबद्दल बोलायचं तो विषय, ते प्रकरण. मग कुठलाही विषय. आणि शेवटी कुठलीही वस्तू, नाव असो नसो.”

काकांनी चेहऱ्यांवरून नजर फिरवली. अजून एकही बदललेला नव्हता. वेळेची वस्तू होते हे कुणाला पटणार? कागदावर ते किती स्वच्छ दिसत होतं!

“म्हणजे माझ्या शनिवारासारखं,” मावशी एकदम म्हणाल्या.

“कसं?”

“अहो, गिऱ्हाइकांना शनिवारी द्यायचे कपडे असतात ना, ते मी वेगळे काढते. आधी म्हणायचे, शनिवारचे कपडे. मग नुसतं शनिवारचे. आता मुलीला म्हणते, तो शनिवार घडी करून पिशवीत घाल, आणि त्या शनिवाराचं बटण तुटलंय. वारच होता ना तो? त्याचा कपडा झाला!”

काका मावशींकडे बघतच राहिले. आणि तेवढ्यात त्यांना दिसलं. मावशींच्या मागे बसलेल्या लिफ्टवाल्याच्या कपाळावरच्या आठ्या आधी वर गेल्या, मग सुटल्या, आणि त्याचं तोंड किंचित उघडं पडलं. तसंच प्लंबरचं झालं. मग दिवे लागत जावेत तसं ते खुर्च्याखुर्च्यांवरून पसरत गेलं. चेअरमनपाशी ते जरा उशिरा पोचलं, पण पोचलं.

“आयला,” लिफ्टवाला हळूच म्हणाला. “म्हणजे वस्तू म्हणताना लोक अजून सभाच म्हणतायत, आणि त्यांना पत्ता नाही!”

काकांना पुढचं काही बोलायचं होतं ते आठवेना. त्यांनी तांब्या उचलून पाणी प्यायलं. इमारतीत त्या दिवशी तेवढंच प्यायचं पाणी हाताशी होतं, पण कुणी हरकत घेतली नाही.

त्यानंतर व्याख्यान असं काही राहिलं नाही. जो तो बोलू लागला. कुणी आपल्या धंद्यातले शब्द सांगू लागलं, कुणी ते कुठून आले असतील ते. प्लंबर बोलता बोलताच जाऊन पंप चालू करून आला. लिफ्टवाला मात्र प्रश्नोत्तरं संपेपर्यंत उठला नाही, लिफ्ट तोवर बंदच राहिली आणि गुडघेवाल्या बाईच म्हणाल्या, “असू दे रे, मला कुठे घाई आहे!” चेअरमननी ठराव मांडला की सदर वस्तू कशाचीही नसून ती सभेची आहे, आणि ती तळमजल्यावर कोपऱ्यात राहील. ठराव बिनविरोध झाला. ताईंनी सगळ्यांच्या आधी हात वर केला, कारण एकदाची तिला जागा मिळाली होती.

निघताना ग्रंथपालबाई काकांना म्हणाल्या, “मी हॉल टेबल टेनिसवाल्यांना देऊन टाकतेय.”

काकांचा चेहरा उतरला.

“व्याख्यानं इथेच ठेवू. मी तांब्या घेऊन येत जाईन.”

पुढच्या आठवड्यात एका दुपारी घंटी वाजली. दारात चेअरमन, आता बऱ्यापैकी सरळ. त्यांच्या हातात लाकडाची चिमट्यासारखी काहीतरी जिनस होती. मागची टोकं दाबली की पुढची चोच उघडायची.

“काका, माळा आवरताना हे आमच्या निदर्शनास आलं. वडिलांच्या ट्रंकेत होतं. घरात कुणालाच कळेना. म्हटलं, तुम्हाला विचारावं.”

काकांनी ते हातात घेतलं. कातडी हातमोज्यांची बोटं आतून ताणून सैल करायचा चिमटा. त्यांना बघताक्षणीच ओळखता आला. या शब्दाची नोंद त्यांनी स्वतः लिहिली होती, नंतर तपासली होती, आणि छापून आल्यावर तिच्यातली एक चूकही त्यांनीच काढली होती. नाव जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं.

मागे ताई उभ्या होत्या. भावाला एखादं नाव येतं तेव्हा त्याचे कान किंचित हलतात हे लहानपणापासून त्यांनी पाहिलेलं. आत्ताही हलले.

काकांनी चिमटा उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला, एकदा कानाशी नेऊन वाजवूनही पाहिला.

“माहीत नाही बुवा,” ते म्हणाले. “बोलवा सगळ्यांना.”